इंजिनिअर्ड बॅक्टेरिया आणि आपली टीम, लक्ष कसं ठेवायचं आणि ताबा कसा ठेवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंथेटिक बायोलॉजीचा, म्हणजे पेशीत हवे ते जीन बसवून तिच्याकडून काम करून घ्यायचा, प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आय-जेमची तयारी करणारे असोत नाहीतर एमएस्सीचं डेझर्टेशन करणारे, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. आय-जेम माहीत नसेल तर सांगते, २००३ मध्ये एमआयटीत एक छोटा कोर्स म्हणून सुरू झालं, २००४ च्या उन्हाळ्यात पाच टीमची स्पर्धा झाली, आणि आता जगभरातून शेकडो टीम येतात, आपल्याकडून आयसर पुण्यासारख्या संस्थांच्या टीम जाऊन आल्यात. माझं म्हणणं एकच आहे. जे मोजत नाही त्याच्यावर ताबा ठेवता येत नाही, आणि मोजणं काय किंवा ताबा ठेवणं काय, फुकट होत नाही, त्याचा भार पेशीलाही सोसावा लागतो आणि टीमलाही.

मॉनिटरिंग आणि कंट्रोल एकच ना?

नाही. मॉनिटरिंग म्हणजे काय चाललंय ते कळणं, कंट्रोल म्हणजे जे कळलं त्यावरून काहीतरी बदलणं. तुम्ही दर दहा मिनिटांनी कल्चरची, म्हणजे द्रवात वाढवलेल्या पेशींची, रीडिंग घेताय आणि रात्रभराचा सुंदर ग्राफ काढताय पण त्या आकड्यावरून काहीच बदलत नाहीये, तर ते नुसतं मॉनिटरिंग. आणि ठरलेल्या वेळी ठरलेला आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) टाकला, पेशींची अवस्था काय आहे ते न बघता, तर तो कंट्रोल आहे पण आंधळा. दोन्ही जोडलं की फीडबॅक झाला, म्हणजे मोजलं, हवं होतं त्याच्याशी ताडून बघितलं, फरकाप्रमाणे पाऊल उचललं, परत मोजलं. बहुतेक प्रोजेक्टमध्ये मोजणं भरपूर असतं आणि ही जोडणीच राहून जाते.

पण बॅक्टेरियाला एवढा कंट्रोल कशाला, आपण जो जीन टाकला तो चालणारच ना?

सुरुवातीला चालतो. नंतर काय होतं ते नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

ई. कोलाय हा लॅबमधला नेहमीचा बॅक्टेरिया चांगल्या मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, ३७ डिग्रीला साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. तुम्ही दिलेला सर्किट, म्हणजे बाहेरून टाकलेली जीनची जुळणी, त्याच्या काहीच कामाचा नाही, उलट त्याचे रायबोसोम, एटीपी, अमिनो ॲसिड सगळं त्या प्रोटीनवर खर्च होतं, याला आम्ही बर्डन म्हणतो. बर्डन असलेली पेशी हळू वाढते. आता एखाद्या पेशीत म्युटेशन होऊन सर्किट बंद पडला तर ती पेशी मोकळी झाली, ती जोरात वाढते, आणि काही पिढ्यांत कल्चरमध्ये तिचीच पोरं दिसायला लागतात.

असं म्युटेशन कितीसं होणार, असं वाटतं. हिशोब करून बघा. ई. कोलायचा जीनोम साधारण ४६ लाख बेस-पेअरचा, आणि एका विभाजनात अख्ख्या जीनोममध्ये चूक व्हायची शक्यता ढोबळमानाने हजारात एक. रात्रभर वाढलेल्या १ मिली कल्चरमध्ये साधारण १०० कोटी पेशी असतात, म्हणजे फक्त शेवटच्या दुपटीतच दहा लाखाच्या आसपास नवीन म्युटेशन झालेली असतात, एका मिलीत! त्यातली बहुतेक कामाची ना धामाची, पण तुमचा सर्किट तोडणारं एखादं त्यात निघायला वेळ लागत नाही. शिवाय इन्सर्शन सीक्वेन्स नावाचे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे असतात, ते जीनच्या मधोमध जाऊन बसतात ते वेगळंच.

म्हणून सोमवारी चमकणारं कल्चर तेच तेच ताज्या मीडियात रिफ्रेश करत शुक्रवारपर्यंत नेलं आणि ते फिकं पडलं तर लगेच प्रोटोकॉलला दोष देऊ नका, आधी प्लेटवर पसरवून किती कॉलन्या अजून चमकतात ते मोजा.

बॅक्टेरिया टीम म्हणून काम करतात म्हणजे नक्की काय करतात?

एकमेकांना रसायनांनी निरोप देतात, याला कोरम सेन्सिंग म्हणतात. हवाईच्या किनाऱ्याजवळ अंगठ्याएवढा एक स्क्विड राहतो, त्याच्या पोटाखालच्या अवयवात व्हिब्रिओ फिशराय नावाचे चमकणारे बॅक्टेरिया असतात. रात्री शिकारीला निघाला की त्यांच्या उजेडामुळे वरून येणाऱ्या चांदण्यात त्याची सावली दिसत नाही, म्हणजे खालून बघणाऱ्या माशाला तो कळत नाही. आणि दररोज पहाटे हा स्क्विड त्यातले बहुतेक बॅक्टेरिया बाहेर टाकून देतो, उरलेले दिवसभरात परत वाढतात, रात्री परत उजेड तयार.

यातली यंत्रणा अशी की लक्स-आय नावाचं एन्झाइम एएचएल नावाचा छोटा रेणू बनवतं, तो पेशीतून आरपार ये-जा करतो. एकटी पेशी असेल तर तो समुद्रात वाहून जातो, दाटी असेल तर साचतो, पुरेसा साचला की लक्स-आर नावाच्या प्रोटीनला चिकटतो आणि उजेडाचे जीन चालू करतो. एकट्याने चमकून उपयोग नाही, सगळे जमले की मगच. दाटी झाल्यावरच उजेड सुरू होतो हे हेस्टिंग्ज आणि नील्सन यांच्या गटाने १९७० मध्ये मांडलं आणि कोरम सेन्सिंग हा शब्द १९९४ मध्ये रूढ झाला. आज आपण जे लक्सचे पार्ट सर्रास प्लाझमिडमध्ये (पेशीत टाकायच्या डीएनएच्या छोट्या गोलात) वापरतो ते मूळचे या समुद्री जिवाणूचे.

लक्षात घ्या, इथे कोणी मुकादम नाहीये. प्रत्येक पेशी आपल्या आजूबाजूला किती एएचएल आहे एवढंच बघते आणि तेवढ्यावरून ठरवते.

मग ह्याच यंत्रणेने आपण लोकसंख्येवर ताबा ठेवू शकतो का?

हो, आणि २००४ मध्ये कॅलटेकमध्ये लिंगचाँग यू, फ्रान्सेस अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं (अर्नोल्ड यांना पुढे २०१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, पण ते एन्झाइमच्या डायरेक्टेड इव्होल्यूशनसाठी). त्यांनी ई. कोलायमध्ये लक्स-आय आणि लक्स-आर टाकले आणि त्याला सीसीडी-बी हा मारक जीन जोडला. पेशी वाढल्या, एएचएल वाढला, मारक जीन चालू झाला, काही पेशी मेल्या, संख्या कमी झाली, एएचएल कमी झाला, परत वाढ. शेवटी संख्या एका पातळीवर येऊन थांबते, आणि ती पातळी सर्किट नसलेल्या कल्चरपेक्षा बरीच खाली असते.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे पीएच. एएचएल अल्कलाइन मीडियात लवकर तुटतो, म्हणजे निरोप लवकर पुसला जातो, म्हणून पीएच वाढवला की पेशींची स्थिर संख्या वाढते. एकही जीन न बदलता, नुसत्या मीडियावरून सेटिंग बदलता येतं. आता विचार करा, तुमच्या मीडियात पीएच धरून ठेवणारा बफर नसेल आणि पेशी वाढताना पीएच स्वतःच बदलत असेल तर तुमचा कंट्रोल कुठल्या कुठे जाईल, म्हणून कोरम सेन्सिंगच्या प्रयोगात पीएचची नोंद ठेवलीच पाहिजे, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

आणि वर सांगितलेला म्युटेशनचा त्रास इथे दसपट, कारण सर्किट मोडलेली पेशी इथे नुसती लवकर वाढत नाही तर मरणातून सुटते. २००५ मध्ये स्टीफन क्वेक यांच्या लॅबबरोबर यू आणि अर्नोल्ड यांनी हाच सर्किट १६ नॅनोलिटरच्या इवल्याशा मायक्रोकेमोस्टॅटमध्ये, म्हणजे सतत ताजा मीडिया मिळणाऱ्या भांड्यात, शेकडो तास चालवला. कल्चर इतकं छोटं की पेशींची एकूण संख्या कमी, म्हणून म्युटंट निघायलाही जास्त वेळ लागतो, आणि भिंतीवर बायोफिल्म बसू नये म्हणून नळीचे भाग आळीपाळीने धुतले जायचे. त्या चेंबरमध्ये संख्या वरखाली होताना एकेका पेशीच्या पातळीवर बघता आली. भांडं छोटं केल्यावर मोजणं पण सोपं झालं आणि ताबा पण जास्त टिकला.

ओडी वाढली म्हणजे पेशी वाढल्या ना?

साधारण हो, नेहमी नाही. ओडी ६०० हा कल्चरच्या गढूळपणाचा आकडा, म्हणजे ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशातला किती प्रकाश सरळ पलीकडे पोचला नाही एवढंच, पेशी तो प्रकाश शोषत नाहीत, विखुरतात. त्यामुळे मेलेल्या पेशी पण ओडीत येतात, लांबट झालेल्या पेशी वेगळा आकडा देतात, आणि तुमचा प्लेट रीडर आणि शेजारच्या डिपार्टमेंटचा स्पेक्ट्रो एकाच ट्यूबला दोन वेगळे आकडे दाखवणार, कारण प्रकाशाचा रस्ता वेगळा आणि डिटेक्टर वेगळा. किल सर्किटच्या प्रयोगात तर फक्त ओडीवर विसंबूच नका, डायल्यूशन करून प्लेटिंग करा आणि सीएफयू, म्हणजे कॉलनी बनवणाऱ्या जिवंत पेशींचा आकडा, काढा. दाट कल्चर तसंच मोजलं तर आकडा दबलेला येतो, म्हणून डायल्यूट करून मोजायचं आणि मग गुणायचं.

आय-जेमने यावर बरीच वर्षं इंटरलॅब स्टडी चालवली, जगभरच्या टीमने तेच प्लाझमिड तोच प्रोटोकॉल वापरून मोजायचं. त्यातून जे शिकायला मिळालं ते आता सगळ्यांना वापरता येतं: सिलिका मायक्रोस्फिअरची (सूक्ष्म गोळ्यांची) डायल्यूशन सिरीज लावून ओडीचं पेशींच्या अंदाजे संख्येत रूपांतर करा, आणि फ्लुओरेसीन या चमकणाऱ्या रंगाची सिरीज लावून जीएफपीचे, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचे, आकडे कॅलिब्रेट करा. २०२० मध्ये यावर २४४ लॅबचा पेपर आला. कॅलिब्रेशनला एक दुपार जाते आणि मग तुमचा आकडा दुसऱ्या कुठल्याही लॅबशी ताडून बघता येतो, त्यामुळे हे टाळू नका.

माझा सर्किट बंद केला तरी जीएफपी खाली येत नाही, सर्किट बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. साधा जीएफपी पेशीत फार टिकतो, तुटत नाही, पेशी विभागतील तसा फक्त वाटला जातो. म्हणजे जीन आत्ता बंद झाला तरी उजेड पुढचे कित्येक तास राहणार, आणि कल्चर स्टेशनरी फेजला, म्हणजे वाढ थांबलेल्या अवस्थेत, असेल तर जवळजवळ खाली येणारच नाही. तुम्हाला चढउतार बघायचे असतील तर एलव्हीए टॅग लावलेला जीएफपी वापरा, तो पेशीतले प्रोटिएज लवकर तोडतात. त्याचा तोटा म्हणजे एकूण उजेड कमी मिळतो.

अजून दोन गोष्टी. जीएफपीला चमकायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे झाकण घट्ट लावलेल्या दाट कल्चरमध्ये तो कमी दिसेल. आणि एलबी मीडिया स्वतःच हिरवट चमकतो, त्यामुळे जमेल तिथे एम९ मीडिया वापरा आणि तुलनेसाठी बिनप्लाझमिडच्या पेशी प्रत्येक प्लेटवर ठेवा. कडेच्या वेल सुकतात, तिथे नुसता मीडिया भरा.

फीडबॅक लावला तर सगळं वरखाली व्हायला लागलं, असं का?

उशीर. फीडबॅक बरोबर आहे पण उशिरा पोचतोय. जीन चालू झाल्यापासून आरएनए, मग प्रोटीन, मग ते घडी होऊन कामाला लागणं, याला मिनिटं लागतात, आणि तोपर्यंत परिस्थिती पुढे गेलेली असते, मग जास्त ब्रेक लागतो, मग जास्त सैल सुटतो.

याचाच मुद्दाम उपयोग करून मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लायब्लर यांनी २००० मध्ये रिप्रेसिलेटर बनवला. तीन रिप्रेसर, म्हणजे दुसरा जीन दाबणारी प्रोटीन, लॅक-आय टेट-आरला दाबतो, टेट-आर सी-वनला, सी-वन परत लॅक-आयला, गोल. पेशी साधारण अडीच तासांच्या लयीत चमकायच्या आणि विझायच्या. पेशीचं विभाजन त्यापेक्षा लवकर व्हायचं, म्हणजे लयीतली जागा आईकडून पोरींकडे जायची, पण बहिणी-बहिणींची लय हळूहळू सुटत जायची कारण प्रत्येक पेशीतला नॉइज, म्हणजे आपोआप होणारे चढउतार, वेगळा. नेचरच्या त्याच अंकात गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांचा टॉगल स्विच आला, दोन रिप्रेसर एकमेकांना दाबणारे, एकदा एका बाजूला पडला की तिथेच राहणारा. त्याच वर्षी बेक्सकेई आणि सेरानो यांनी दाखवलं की प्रोटीनने स्वतःलाच दाबलं तर पेशी-पेशीतला फरक कमी होतो. म्हणजे नेगेटिव्ह फीडबॅकने स्थिरताही येते आणि लयही येते, उशीर किती आणि जोर किती यावर ठरतं.

टीममध्ये हे मी दरवर्षी बघते. पंधरा दिवसांनी मीटिंग, तिथे कळतं की क्लोनिंग (जीन प्लाझमिडमध्ये बसवणं) अडकलंय, मग घाबरून चार जणांना क्लोनिंगला लावलं, पुढच्या मीटिंगला चार सारखेच प्लाझमिड तयार आणि मॉडेलिंगचं काम तसंच पडून, मग सगळे मॉडेलिंगला. कोणी आळशी नसतं यात. बातमी उशिरा पोचते आणि प्रतिसाद जोरात जातो एवढंच. मीटिंग लहान करा, वारंवार घ्या, आणि एका वेळी एकाच माणसाचं काम हलवा.

टीमवर लक्ष ठेवणं म्हणजे एकमेकांवर पाळत ठेवल्यासारखं नाही का होत?

हा प्रश्न मला खूप महत्त्वाचा वाटतो आणि तो विचारणारी मुलं बरोबर असतात. माणसावर लक्ष ठेवलं की माणूस लपवायला लागतो, मग तुमच्याकडे येणारी माहितीच खोटी. कामावर लक्ष ठेवा. कुठला प्लाझमिड कुठल्या टप्प्यावर आहे, कुठल्या ग्लिसरॉल स्टॉकचं (गोठवून ठेवलेल्या पेशींचं) सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचून तपासणं, झालंय, कुठला बाकी आहे, प्रायमर मागवले का, उणे ८० च्या फ्रीजरमधल्या तिसऱ्या बॉक्समध्ये नक्की काय आहे. यादीत माणसाचं नाव असावं ते कोणाला विचारायचं हे कळावं म्हणून.

ट्यूबवर तारीख, स्ट्रेन (बॅक्टेरियाचा वाण), प्लाझमिड, अँटिबायोटिक आणि आपली अक्षरं, एवढं लिहिल्याशिवाय ट्यूब फ्रीजरमध्ये जाता कामा नये, आणि इथे मी अजिबात सूट देत नाही. "माझी ट्यूब" असं लिहिलेली ट्यूब सहा महिन्यांनी कोणाचीच नसते.

पण बर्डन इथेही आहे. इम्पीरियल कॉलेजच्या चेरोनी, एलिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कपॅसिटी मॉनिटर काढला, म्हणजे ई. कोलायच्या जीनोममध्ये कायम चालणारा एक जीएफपी, बाकी सर्किटने पेशीची ताकद खाल्ली की तो फिका पडतो, त्यावरून कळतं कुठलं डिझाइन जड आहे. मोजणारा जीएफपी स्वतः पण पेशीचाच माल खातो, म्हणून तो प्लाझमिडच्या ढीगभर कॉप्यांवर न ठेवता जीनोममध्ये एकच कॉपी ठेवली. टीममध्ये रोज तीन फॉर्म, दोन स्प्रेडशीट आणि एक रिपोर्ट भरायला लावलात तर काम कधी करायचं? रोज दोन ओळी पुरतात, आज काय केलं आणि कुठे अडकलं.

आणि अडकलं हे सांगायची सोय हवी. वारीत पालखीच्या मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात, सगळे टाळ थांबतात, पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ वाजवत राहते आणि तिचं ऐकून घेतलं जातं. शांततेत तो आवाज आपोआप उठून दिसतो, कोणाला हात वर करून पुढे यावं लागत नाही. टीमच्या मीटिंगला अशी जागा ठेवा, पहिली पाच मिनिटं फक्त "कोणाचं अडलंय", बाकी काहीच नाही.

सगळं काम एकाच बॅक्टेरियाकडून करून घ्यायचं की वाटून द्यायचं?

छोटा सर्किट असेल तर एकाच पेशीत ठेवा, उगाच गुंता नको. पण लांबलचक मेटाबॉलिक पाथवे असेल तर वाटणी फायद्याची ठरते. २०१५ मध्ये एमआयटीच्या स्टेफानोपोलस यांच्या लॅबने टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधाचे आधीचे टप्पे ई. कोलाय आणि यीस्ट यांच्यात वाटले. पहिला भाग ई. कोलायला सोपा, पुढचा ऑक्सिजनवाला भाग यीस्टला सोपा. गंमत म्हणजे दोघांना ग्लुकोज दिला तेव्हा यीस्टच्या इथेनॉलने ई. कोलाय दबला, मग त्यांनी झायलोज दिला जो ते यीस्ट खात नाही, ई. कोलाय झायलोज खाऊन ॲसिटेट सोडतो, आणि यीस्ट ते ॲसिटेट खातो. एकाचा कचरा दुसऱ्याचं जेवण, त्यामुळे दोघंही टिकले.

असं परस्परांवर अवलंबून नसेल तर जो लवकर वाढतो तो दुसऱ्याला संपवतो, दोन-तीन दिवस पण लागत नाहीत. त्यावर सॅन डिएगोच्या जेफ हेस्टी यांच्या गटाने २०१७ मध्ये एक उपाय दाखवला, प्रत्येक स्ट्रेनमध्ये स्वतःचा कोरम सेन्सिंगवाला लायसिस सर्किट, स्वतःची संख्या वाढली की स्वतःच फुटायचं, मग कोणीच डोईजड होत नाही. २०१९ मध्ये त्यांनी अजून पुढे जाऊन तीन स्ट्रेन बनवले, प्रत्येक स्ट्रेन आधीच्याला मारू शकतो. पहिल्यातला सर्किट म्युटेशनने बिघडायला लागला की दुसरा ताजा स्ट्रेन टाकायचा, तो बिघडलेल्यांसकट सगळ्यांना संपवतो, मग तिसरा, मग परत पहिला. म्युटेशन थांबवता येत नाही हे मान्य करून केलेला कंट्रोल आहे हा, आणि म्हणूनच मला तो इतका प्रामाणिक वाटतो.

कंप्युटरने बॅक्टेरियावर ताबा ठेवता येतो का?

येतो, झुरिचच्या ईटीएचमधले मुस्तफा खम्माश यांचा गट यासाठी प्रसिद्ध आहे. पेशीत प्रकाशावर चालणारा स्विच टाकायचा, हिरव्या प्रकाशाने जीन चालू, लाल प्रकाशाने बंद, मग कल्चरचं सॅम्पल आपोआप मोजलं जातं, कंप्युटर हिशोब करतो आणि पुढचा प्रकाश ठरवतो. २०१६ मध्ये त्यांनी असा ई. कोलायच्या वाढीचा वेगही ठरलेल्या पातळीवर धरून दाखवला. फायदा हा की कंट्रोलचं गणित बदलायला क्लोनिंग करावं लागत नाही, कोड बदलला की झालं.

दुसरा रस्ता म्हणजे कंट्रोलर पेशीच्या आतच. २०१९ मध्ये त्याच गटाने सिग्मा फॅक्टर हे जीन चालू करणारं प्रोटीन आणि त्याला अडवणारा अँटी-सिग्मा फॅक्टर वापरून इंटिग्रल कंट्रोलर बनवला. दोघं एकमेकांना एकास एक धरून निकामी करतात, एकाचा पुरवठा म्हणजे आपल्याला हवी ती पातळी, दुसऱ्याचा पुरवठा म्हणजे प्रत्यक्षात असलेली पातळी, आणि शिल्लक जी राहते ती साचत गेलेली तफावत. तफावत शून्य होईपर्यंत तो ढकलत राहतो, म्हणून मध्येच कोणी प्रोटीन तोडायला लागलं तरी पातळी परत जवळपास जागेवर येते.

कॉलेजच्या टीमला महागडी यंत्रं परवडत नाहीत हे खरं, पण चाय-बायो नावाचं ओपन सोर्स छोटं रिॲक्टर आहे, २०२० मध्ये त्याचं डिझाइन छापून आलंय, त्यात ओडी, फ्लुओरेसन्स, हीटर, एलईडी आणि पंप सगळं एकत्र. इलेक्ट्रॉनिक्सची मुलं टीममध्ये असतील तर त्यांना हे काम फार आवडतं.

मॉडेलिंग खरंच लागतं का?

लागतं, पण छान ग्राफ काढायला नाही. दोन-तीन डिफरन्शियल इक्वेशन मांडा आणि बघा कुठल्या आकड्याला हलवलं की सगळं हलतं, मग तो आकडा लॅबमध्ये नीट मोजा. उलट केलं, म्हणजे आधी सगळं मोजून मग मॉडेल बसवलं, तर हमखास जे मोजायला हवं होतं तेच राहिलेलं असतं. मॉडेलवाल्यांना आठवड्यातून एकदा लॅबमध्ये उभं करा, पिपेट धरायला नाही, बघायला.

रेप्लिकेट तीन घेतले की झालं ना?

एकाच कॉलनीतून तीन वेल भरल्या तर ते टेक्निकल रेप्लिकेट, त्यावरून फक्त तुमचं पिपेटिंग कळतं. तीन वेगवेगळ्या कॉलन्या, वेगवेगळ्या दिवशी, ते बायोलॉजिकल. एरर बार कशाचा आहे ते लिहा. न आवडलेला डेटा वहीतून काढून टाकायचा नाही, का वगळला त्याचं कारण शेजारी लिहून ठेवायचं.

किल स्विच लावला की बॅक्टेरिया बाहेर सोडायला सुरक्षित ना?

नाही, आणि इथे कृपा करून घाई करू नका. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा मापदंड असा की १० कोटी पेशींत एकापेक्षा कमी पेशी सुटली पाहिजे. एका किल स्विचने तिथपर्यंत पोचणं अवघड, कारण मारणारा जीन तोडणारं म्युटेशन हेच त्या पेशीच्या सगळ्यात फायद्याचं. २०१६ मध्ये कॉलिन्स यांच्या गटाने डेडमॅन आणि पासकोड असे दोन स्विच मांडले, डेडमॅनमध्ये बाहेरून विशिष्ट रसायन मिळत राहिलं तरच पेशी जगते. त्याआधी २०१५ मध्ये हार्वर्ड आणि येलच्या दोन गटांनी ई. कोलायचा कोडच बदलून त्याला निसर्गात न मिळणाऱ्या अमिनो ॲसिडवर अवलंबून ठेवलं, त्यात सुटलेल्या पेशी मोजणीतच सापडेनात इतक्या कमी. दोन-तीन वेगवेगळ्या तत्त्वांची कुलपं एकत्र लावणं हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

आणि कायद्याचं: भारतात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत. तुमच्या संस्थेची आयबीएससी म्हणजे बायोसेफ्टी कमिटी असते, तिला कळवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, वरच्या पातळीवर आरसीजीएम ही सरकारी समिती आणि पर्यावरणात सोडण्याचा प्रश्न आला की जीईएसी ही मंजुरी समिती. रोजच्या कामात, वापरलेलं प्रत्येक कल्चर १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय बेसिनमध्ये जाता कामा नये. हे करायची जबाबदारी त्या आठवड्यात कोणाची ते भिंतीवर लिहिलेलं असू दे.

हे घरी करून बघता येईल का?

जीन बदललेले बॅक्टेरिया घरी नाही, वरचं उत्तर वाचा. मॉडेलिंग, डेटा ॲनालिसिस, ओपन सोर्स रिॲक्टरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट जुळवणं, हे सगळं घरी करा.

दिवाळीच्या सुट्टीत लॅब बंद असते, तेव्हा काय करायचं?

प्लेटा फ्रिजमध्ये ठेवून जाऊ नका, तीन-चार आठवड्यांत त्या सुकतात आणि परत आल्यावर त्यातली कुठली कॉलनी तपासलेली होती हे कोणाला आठवत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी सीक्वेन्सिंग झालेल्या क्लोनचं ताजं ओव्हरनाइट कल्चर लावा, सकाळी त्यात निर्जंतुक ग्लिसरॉल मिसळा, शेवटी साधारण २० टक्के येईल असं, क्रायोव्हायलवर न पुसणाऱ्या पेनने लिहा, दोन वेगळ्या बॉक्समध्ये एकेक ठेवा आणि शक्य असेल तर एक बॉक्स दुसऱ्या फ्रीजरमध्ये, कारण सुट्टीत लाइट जाते. प्लाझमिडची मिनिप्रेप, म्हणजे पेशीतून काढलेला शुद्ध डीएनए, वेगळी उणे २० ला. आणि फ्रीजरचा अलार्म वाजला तर सिक्युरिटीने फोन कोणाला करायचा, तो नंबर दारावर चिकटवा, गावाला न जाणाऱ्या माणसाचा.